दीडशे मीटर

बायथलॉनमध्ये, म्हणजे बर्फावर स्कीने पळत मध्येच नेमबाजी करायच्या खेळात, प्रत्येक चुकीचा भाव ठरलेला असतो. एक गोळी हुकली की दीडशे मीटर. नेमबाजीच्या जागेला लागूनच बर्फात एक लंबगोल वाट आखलेली असते. जितक्या गोळ्या हुकल्या तितक्या फेऱ्या तिथे मारायच्या आणि मग पुन्हा शर्यतीच्या वाटेला लागायचं. एका फेरीला बावीस-पंचवीस सेकंद जातात. बाकीच्या मुली पुढे निघून जाताना डोळ्यांदेखत दिसत असतात, हजारो लोक बघत असतात आणि तुम्ही आपले त्या रिंगणात फिरताय. शाळेत वर्गाबाहेर उभं करायचे, त्यातलाच प्रकार. पण फेरी संपली की हिशेब मिटला. मागचं कुणी उकरून काढत नाही.

मला हा खेळ सापडला तो एका दुखावलेल्या गुडघ्यामुळे. 2018 चा फेब्रुवारी. आदल्या रविवारी गड उतरताना पाय वाकडा पडला होता आणि डॉक्टरांनी तीन आठवडे जमिनीला टेकवायचा नाही म्हणून सांगितलं होतं. दक्षिण कोरियातल्या प्यॉंगचांगचं हिवाळी ऑलिंपिक नुकतंच सुरू झालेलं. शनिवारी 10 तारखेला, इथे संध्याकाळचे पावणेपाच आणि तिकडे रात्र, मोबाइलवर काहीतरी चाळताना दिसलं, की दिव्यांच्या उजेडात काही बायका पाठीला बंदुका बांधून बर्फावरून सुसाट चालल्यात. असं काही दिसल्यावर माणूस पुढे सरकत नाही.

खेळ असा. पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल घेऊन स्कीवरून चढ चढायचे, उतार उतरायचे, आणि छाती भात्यासारखी चाललेली असताना चटईवर पालथं पडून पन्नास मीटरवरची पाच काळी लक्ष्यं टिपायची. पालथं पडून नेम धरताना लक्ष्य लिंबाएवढं, 45 मिलिमीटरचं. पुढच्या खेपेला उभं राहून. तेव्हा दया येऊन ते पुरीएवढं केलेलं असतं, 115 मिलिमीटरचं. लागलं की काळ्यावर पांढरं झाकण पडतं. पाचही पांढरी झाली की रायफल पाठीला आणि चला.

त्या संध्याकाळी एका मुलीने दहापैकी दहा लक्ष्यं पांढरी केली. वारा असा, की रेंजवरच्या झेंड्या फडफडत होत्या, बाकीच्या अनुभवी मुलींचे नेम चुकत होते, आणि हिच्या चेहऱ्यावर मात्र भाजी निवडतानाची एकाग्रता. जर्मनीची लाउरा डालमायर. साडेसात किलोमीटरची शर्यत तिने चोवीस सेकंदांनी जिंकली. दोन दिवसांनी पाठलागाची शर्यत, तीही जिंकली, एक गोळी चुकून. एकाच ऑलिंपिकमध्ये या दोन्ही शर्यती जिंकणं त्याआधी कुठल्या बाईला जमलं नव्हतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त तिच्या बोटाकडे बघत होतो. उभं राहून नेम धरला की रायफलची नळी श्वासाबरोबर डुलते, ती लक्ष्यावरून जाण्याच्या क्षणी चाप दाबायचा असतो. डालमायर थांबायची. अगदी थोडं. पण बघणाऱ्याला कळायचं, की ही थांबली.

पन्नास मीटर आणि पॉइंट टू-टूची रायफल, हे गणित कोल्हापूरकरांना सांगावं लागत नाही. तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं ते याच अंतरावरून, पालथं पडून. स्वप्निल कुसाळेचं 2024 चं पॅरिसचं ब्राँझही पन्नास मीटरचंच. पण त्यांच्या खेळात दहा गुणांचं वर्तुळ मोठ्या वाटाण्याएवढं, 10.4 मिलिमीटरचं, आणि ते टिपण्यासाठी अंगावर जाड ताठ जाकीट घालून, श्वास आणि नाडी ताब्यात आणून, एखादं यंत्र जमिनीत बसवावं तसं शरीर बसवतात. डालमायरच्या खेळात लक्ष्य लिंबाएवढं, पण नाडी दीडशेच्या वर. अवघड कुठलं, यावर आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर आठवडाभर वाद चालला. वाटाणा अवघड, याबद्दल मला तरी शंका नाही. लिंबू बघायला मजा जास्त.

गुडघा बरा होईपर्यंत मी तिच्या जुन्या शर्यती शोधून काढून पाहिल्या.

ती गार्मिश-पार्टेनकिर्शनची. बव्हेरियाच्या दक्षिण टोकाला, जर्मनीतल्या सर्वात उंच शिखराच्या, 2962 मीटरच्या त्सुगश्पित्सच्या पायथ्याचं गाव. 1936 चं हिवाळी ऑलिंपिक झालं ते इथेच. जन्म 22 ऑगस्ट 1993 चा. घरात डोंगर आधीपासून होता. वडील डोंगरातल्या बचावपथकातले, आई माउंटन बाइकच्या शर्यतींतली. पोरगी कड्यांवर चढायला शिकली ती नेमबाजीच्या आधी की नंतर, याला काही अर्थ नाही. त्या गावात दोन्ही गोष्टी आपल्याकडच्या क्रिकेट आणि सायकलसारख्या असणार. पुढे ती जर्मन सीमाशुल्क खात्याच्या संघातून खेळली. ऐकायला गंमत वाटते, पण आपल्याला हे नवीन नाही. कुसाळे मध्य रेल्वेत टीसी होताच की. खेळाडूचं पोट सरकारी खात्याने सांभाळायचं, ही पद्धत तिकडेही आहे.

त्याच टापूत, थोड्या अंतरावरच्या वालगाउ नावाच्या खेड्यात, तिच्याआधीची महाराणी राहायची. माग्दालेना नॉयनर. बारा जागतिक सुवर्णं, व्हँकुव्हर ऑलिंपिकची दोन. नॉयनरची शर्यत म्हणजे काळजाला घोर. स्कीवर ती वाऱ्यासारखी, पण उभं राहून नेम धरायची वेळ आली की काय होईल याचा भरवसा नाही. दोन-दोन, तीन-तीन फेऱ्या मारून ती पुन्हा सगळ्यांना गाठायची, आणि जर्मन लोकांनी तिच्यावर जीव टाकला तो बहुधा त्यासाठीच. 2012 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ऐन भरात असताना ती थांबली. पुढच्याच मोसमात डालमायर मोठ्या संघात आली. बायकांच्या स्वभावांची अशी अदलाबदल कुणी ठरवूनही केली नसती.

डालमायरच्या शर्यतीत घोर नाही. तिच्या शर्यतीत बाकीच्या सगळ्या जणी चुकतात आणि ती चुकत नाही, एवढंच घडतं. 2017 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियातल्या होखफिल्त्सेनच्या जागतिक स्पर्धेत ती सहा शर्यती धावली. सहा पदकं, त्यातली पाच सुवर्ण. फक्त साडेसात किलोमीटरची शर्यत तेवढी चेक प्रजासत्ताकाच्या गाब्रिएला कौकालोव्हाने जिंकली आणि हिला रौप्य मिळालं. आधीच्या वर्षी ऑस्लोत पाच शर्यतींत पाच पदकं होती, म्हणजे जागतिक स्पर्धांत ओळीने अकरा. एकाच जागतिक स्पर्धेत पाच सुवर्णं मिळवणारी ती पहिली बाई.

पण त्या स्पर्धेतलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते एक पडणं. पंधरा किलोमीटरच्या शर्यतीत फेऱ्या नसतात. तिथला भाव आणखी रोकडा, एका गोळीला एक मिनिट. वीसपैकी एक चुकवून तिने ती शर्यत जिंकली आणि त्यानंतर ती कोसळली. अंगात काही उरलंच नव्हतं. लोकांनी धरून नेलं. दोन दिवसांनी तीच मुलगी रिलेच्या शेवटच्या टप्प्यात पुन्हा रायफल घेऊन उभी. वर्तमानपत्रं अशा वेळी जिद्द हा शब्द वापरतात. मला तो शब्द नकोसा झालाय. मला त्यात एक माणूस दिसला, ज्याला आपल्या टाकीत किती इंधन आहे याचा अंदाज एरवी अचूक असतो आणि त्या दिवशी तो थोडासा चुकला.

2019 च्या मे महिन्यात तिने खेळ सोडला. वय पंचवीस. दोन ऑलिंपिक सुवर्णं, एक ब्राँझ, जागतिक स्पर्धांची पंधरा पदकं. शर्यतींसाठी लागते ती शंभर टक्के ओढ आता वाटत नाही, एवढंच साधारण तिचं म्हणणं. आपल्याकडे कुणी पंचविसाव्या वर्षी सरकारी नोकरी सोडली तरी घरात सुतक पडतं. जर्मनीतही लोक हळहळले. मी ग्रुपवर लिहिलं, की ही बाई थांबली नाही, हिने वाट बदलली. खाली दोघांनी अंगठे दाखवले आणि एकाने विचारलं, ‘रविवारी कोण कोण येतंय?’

वाट बदलली हे मात्र खरं निघालं. ती डोंगराकडे गेली. त्याच वर्षी अर्जेंटिनात, पॅटागोनियामध्ये, डोंगरात धावण्याच्या जागतिक स्पर्धेत जर्मनीकडून उतरली. हिवाळ्यात दूरचित्रवाणीवर बायथलॉनचं विश्लेषण करायची. गिर्यारोहणाच्या मार्गदर्शकाची सरकारी परीक्षा पास झाली, आणि आल्प्समध्ये ती परीक्षा म्हणजे आठवड्याच्या शिबिरात मिळणारं प्रशस्तिपत्रक नव्हे, कित्येक वर्षांचं काम असतं. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये नेपाळमधल्या 6812 मीटरच्या अमा दब्लमवर बेस कॅम्पवरून माथ्यावर जाऊन परत खाली, असं सगळं सुमारे बारा तासांत. जिथे लोक मध्ये दोन-तीन मुक्काम करतात.

आणि ती बचावपथकात काम करायची. वडिलांसारखीच, विनामोबदला. मला तिच्याबद्दल जे म्हणायचंय त्यात पदकांपेक्षा ही ओळ महत्त्वाची आहे.

2025 च्या जुलैमध्ये ती पाकिस्तानातल्या काराकोरम पर्वतरांगेत होती. 8 तारखेला ग्रेट ट्रँगो टॉवर चढली. 28 तारखेला एका मैत्रिणीसोबत लैला पीकवर होती. हुशे खोऱ्यातलं सहा हजार मीटरच्या थोडं वरचं शिखर, फोटोत बघितलं तर भाल्याच्या पात्यासारखं. दुपारच्या सुमाराला, साधारण 5700 मीटरवर, वरून दगड आले.

सह्याद्रीत नवीन पोरांना घेऊन निघालो की दोर, गाठी, हार्नेस यांच्याआधी एक शब्द शिकवतो. ‘दगड!’ वरच्याच्या पायाखालून काही सुटलं तर त्याने ओरडायचं, खालच्यांनी वर न बघता कातळाला चिकटायचं. हरिश्चंद्रगडाला बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढताना हा शब्द दिवसभर ऐकू येतो. वर बघू नका, असं शंभरदा सांगितलं तरी पहिल्या वेळी प्रत्येक जण वर बघतो. पण त्या शब्दात एक गृहीतक आहे: दगड कुणाच्या तरी पायाखालून सुटतो. डोंगर आपणहून जे सोडतो त्याला ओरडणारा कुणी नसतो.

सोबतच्या मैत्रिणीने लगेच मदत मागितली. स्वतः तिच्यापर्यंत पोचण्याचा प्रयत्न करत राहिली, पण वरून दगड येतच होते आणि जागा फार वाईट होती. डालमायरची काही हालचाल नव्हती. शेवटी मैत्रिणीने एकटीने उतरायचा निर्णय घेतला. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर वरून फिरून आलं. जिवंतपणाची खूण दिसली नाही. त्याच भागात दुसऱ्या मोहिमेवर असलेला बव्हेरियाचाच नावाजलेला गिर्यारोहक थॉमस ह्युबर मदतीला आला होता. 30 तारखेला डालमायर गेल्याचं जाहीर झालं. वय एकतीस. आणि त्याबरोबर एक गोष्ट कळली. तिने आधीच लिहून ठेवलं होतं: असं काही झालं तर मला खाली आणण्यासाठी कुणी स्वतःचा जीव धोक्यात घालायचा नाही. मला डोंगरातच राहू द्या.

आमच्या ग्रुपवर त्या रात्री शंभरेक मेसेज आले असतील. त्यातले बरेचसे एकाच प्रश्नाचे: चुकलं कुठे? ऊन तापायच्या आत उतरायला हवं होतं का, वाट चुकीची निवडली का, ऋतू वाईट होता का. कुणी नकाशे टाकले, कुणी दुसऱ्या मोहिमांचे दाखले. मीही दोन मेसेज लिहिले आणि पाठवायच्या आधी पुसले. एवढ्या अंतरावरून, चहा पीत, आम्ही सगळे तिच्यासाठी एक दीडशे मीटरची फेरी शोधत होतो. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. ती चूक आपण करणार नाही म्हणजे आपल्यावर दगड येणार नाही. ज्या बाईने उभं आयुष्य चुकांचा पक्का हिशेब ठेवला, तिच्या शेवटाला हिशेबच नसावा, हे कुणालाच पचत नव्हतं. मलाही नाही.

त्याच ओघात कुणीतरी ‘आवडीचं करताना गेली’ असं लिहिलं. हे वाक्य मला अजिबात सोसत नाही. एकतिसाव्या वर्षी दगड लागून जाण्यात आवडीचं काही नसतं. तिला खाली उतरून चहा प्यायला आवडलं असतं.

पण ती चिठ्ठी. तिच्याभोवती मी महिनाभर घोटाळत होतो.

बचावकार्यात पहिली शिकवण असते ती क्रमाची. आधी स्वतः, मग जोडीदार, मग जखमी. ऐकायला निष्ठुर वाटतं, पण पहिला घसरला तर दोघांना आणावं लागतं, आणि आणणारे कमी झालेले असतात. हे पाठ सगळ्यांना असतं. पाळणं कठीण. खाली माणूस पडलेला दिसत असताना आधी स्वतःचा अँकर, म्हणजे दोर अडकवलेला आधार, तपासणं हे प्रत्येक वेळी गुन्हा केल्यासारखं वाटतं. डालमायरने लिहून ठेवलं ते मला सुरुवातीला गूढ वाटलं होतं, हिमशिखरांवर जीव जडलेल्या माणसाचं काव्य वगैरे. मग लक्षात आलं, की त्यात काव्य नाहीच. पथकाचा तोच नियम आहे, फक्त स्ट्रेचरवरच्या माणसाच्या बाजूने लिहिलेला. ज्याने कधी दुसऱ्याला उचलून आणलंय तोच असं लिहू शकतो.

आम्हाला कुणी पथक म्हणत नाही. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी मोठी, तयारीची मंडळी पोचेपर्यंत जवळपास असणारे हात, एवढीच आमची ओळख. पण काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात एका नाळेतून, डोंगरातल्या अरुंद घळीतून, एका मुलाला आणायला गेलो होतो. पोचलो तेव्हा तो गेलेला होता. अंधार, पाऊस, शेवाळलेले धोंडे. स्ट्रेचरला एका वेळी सहा जण लागतात आणि तसल्या उतारावर दर वीस-पंचवीस पावलांनी हात बदलावे लागतात. पहाटेपर्यंत खाली आलो. मध्ये एकदा कलिंगडाएवढा दगड माझ्या खांद्याच्या हातभर अंतरावरून गेला. कुणाच्या पायाखालून सुटला होता की आपणहून, ते आजही माहीत नाही. त्या क्षणी मला जो विचार आला तो सांगायची लाज वाटते. मी मनात म्हणालो, हा तर गेलाय, मग आपण इथे काय करतोय?

खाली गावात देवळाच्या ओट्यावर त्याची आई बसली होती. तिने चादर बाजूला केली, तोंडावरून हात फिरवला, आणि कपाळाला लागलेला चिखल पदराने पुसला. किती वेळ पुसत होती. मग तो प्रश्न मी पुन्हा कुणाला विचारला नाही. स्वतःलाही नाही.

त्यामुळे डालमायरचं पटतं म्हणताना त्या ओट्यापाशी मी अडखळतो.

माझ्या आईला हे सगळं सांगितलं. ती शहाऐंशीची आहे, बायथलॉन म्हणजे काय ते मी तिला तीनदा समजावलंय आणि ‘बंदूक घेऊन पळायचं’ एवढं तिच्या लक्षात आहे. चिठ्ठीचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘देह नाही सापडला तर आपल्यात पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. माझ्या आजोळी एक जण पुरात गेला होता, त्याचा केलेला पाहिलाय मी.’

‘मग झालं तर,’ मी म्हणालो.

‘झालं कसं? पानांचा तो पानांचाच.’ आणि थोड्या वेळाने, ‘लिहिण्याआधी तिने आईला विचारलं होतं का रे?’

हे मला माहीत नव्हतं. पण ज्या घरात वडील पथकातले, त्या घरात जेवणाच्या ताटावर असल्या गोष्टी निघत असतील असं मला वाटतं. तसं आईला म्हणालो. ती ‘हं’ म्हणाली. पटलं नसलं की ती एवढंच म्हणते.

या वर्षी पावसाळ्याआधी ग्रुपचा नवा फॉर्म आला. नाव, वय, रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी, घरच्यांचे फोन. खाली एक नवीन रकाना: ‘अपघात झाल्यास पथकासाठी काही सूचना’. कुणी घातला ते विचारलं नाही. तरण्या पोरांनी तो तसाच रिकामा सोडून फॉर्म परत दिले, एकाने ‘लवकर या’ असं लिहून हसरा चेहरा काढला. माझा फॉर्म अजून सॅकच्या वरच्या कप्प्यात आहे. रक्तगट भरलाय, फोन नंबर भरलेत. रविवारी नाणेघाटाला जातोय, तेव्हा द्यायचाय. काल रात्री पेन घेऊन बसलो होतो, तेवढ्यात आईने आतून हाक मारली, की डब्याला भाकरी हवी की पोळी.